साहेबांच्या नावाची फांदी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाच वाजता रघुनाथ कळंबे पळसाची फांदी हातात घेऊन घरातल्या पहिल्या खोलीत उभे होते आणि त्यांच्या तोंडून आवाज निघत नव्हता.

"म्हणा ना," मंगला म्हणाली.

"म्हणून राहिलो ना."

"मले बाजूले उभं राहून ऐकू नाई येत, तं मारबतीले कसं येईल? मागच्या वर्षी असेच पुटपुटले. ढेकणं गेले का? एक तरी गेला का?"

कळंब्यांनी घसा साफ केला. पोळ्याच्या संध्याकाळी दाराला खोचलेली फांदी दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत घरभर फिरवायची, मग रस्त्याने नेऊन वेशीबाहेर टाकायची, आणि वाटेत वर्षभरात ज्याचा ज्याचा त्रास झाला त्याचं नाव घेऊन 'घेऊन जा गे मारबत' असं ओरडायचं, ही मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याच्या घराघरातली रीत होती. खोकला, ताप, मच्छर, ढेकूण, ईडापीडा, सगळं त्या दिवशी मोठ्या आवाजात काढून टाकायचं. अडचण आवाजाची होती. कळंबे सौंसरच्या एका सरकारी कचेरीत बडे बाबू होते आणि एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकदाही आवाज चढवला नव्हता. बसमध्ये कोणी त्यांच्या पायावर पाय दिला तर तेच आधी माफी मागत.

"ढेकूण घेऊन जा गे मारबत," ते म्हणाले.

"आता बरं. आजून जोरात."

दुसऱ्या खोलीत त्यांनी मच्छर दिले. स्वयंपाकघरात धूर ओकणारा स्टोव्ह दिला. मोरीपाशी आल्यावर त्यांना दाढीला साबण लावला की बरोबर जाणारं नळाचं पाणी आठवलं, आणि ते त्यांनी इतक्या जोरात मारबतीच्या हवाली केलं की माळ्यावरचं मांजर उठून गेलं. कळंबे थांबले. छातीत कुठेतरी एक बटण निघाल्यासारखं वाटत होतं.

"मंगला," ते म्हणाले, "बरं वाटून राहिलं."

"मंग जा ना बाहेर. रस्ता पडला आहे सारा."

कळंबे गल्लीत आले. गल्लीत अजून अंधार होता आणि घराघरातून आरोळ्या येत होत्या. त्यांनी रस्त्याचे त्रास काढायला सुरुवात केली. पांढुर्णा ते सौंसर हा प्रवास ते रोज जाऊन-येऊन करत, त्यामुळे माल भरपूर होता. "खांद्यावर झोपणारे शेजारी घेऊन जा गे मारबत. बोनेटवर बसवणारा कंडक्टर घेऊन जा गे मारबत. फल्लीची टरफलं माह्या खिशात टाकणारा मास्तर घेऊन जा गे मारबत." शेजारीण लीलाबाई दारात आपली फांदी घेऊन उभी होती. ती म्हणाली, "कळंबे भाऊ, आज तुमच्या अंगात आलं का?" कळंब्यांनी मान हलवली आणि पावलं उचलली.

मग कचेरी आली.

कचेरीचा त्रास एकच होता आणि त्याचं नाव त्रिपाठी साहेब. साहेब सतना बाजूचे, मराठी जवळजवळ न कळणारे. आठ महिन्यांपूर्वी सौंसरच्या कचेरीचे अधिकारी म्हणून आले, पण राहायला पांढुर्ण्यात, कळंब्यांच्या मागच्या गल्लीत, कारण त्यांच्या पत्नीला रेल्वेचा आवाज ऐकल्याशिवाय झोप येत नसे. रोज सकाळी साहेबांची सरकारी जीप कळंब्यांच्या बसला मागे टाकून जाई. जीपच्या मागच्या सीटवर फक्त साहेबांचा डबा बसलेला असे. साहेब हात मात्र हलवत. कचेरीत ते कळंब्यांचं पेन घेत, टोपण चावत आणि परत देत. आणि संध्याकाळी पाच वाजून पंचवीस मिनिटांनी, पाच चाळीसची बस गाठायला कळंबे पिशवी उचलत तेव्हा, ते आतून म्हणत, "कलंबे बाबू, एक मिनट." ते मिनिट सव्वासातपर्यंत चाले. पुढची बस साडेसातची. घरी पोचायला नऊ. "तुमचं तोंड मले रविवारीच उजेडात दिसते," असं मंगला म्हणे.

यावर उपाय होता. याच खात्याची एक छोटी कचेरी पांढुर्ण्यात होती, घरापासून चालत सात मिनिटांवर, आणि तिथली बाबूची जागा रिकामी होती. कळंब्यांनी बदलीचा अर्ज चार वेळा दिला होता. अर्ज छिंदवाड्याच्या जिल्हा कचेरीला पुढे पाठवायचं काम त्रिपाठी साहेबांचं. चारही वेळा साहेबांनी त्यावर 'विचाराधीन' असं लिहून तो काचेच्या पेपरवेटखाली ठेवला होता. कळंब्यांसारखा मसुदा सौंसरच्या कचेरीत दुसरं कोणी लिहीत नसे, एवढंच कारण.

हे सगळं एका दमात आठवलं आणि कळंब्यांनी फांदी डोक्यावर उचलली. "पेन चावणारे, अर्ज दाबणारे त्रिपाठी साहेब घेऊन जा गे मारबत."

"कलंबे बाबू?"

गल्लीच्या कोपऱ्यावर लुंगी आणि बनियन घालून, तोंडात कडुनिंबाची काडी धरून त्रिपाठी साहेब उभे होते.

फांदी खाली आली. साहेबांनी काडी तोंडातून काढली.

"आप हमारा नाम ले रहे थे?"

"जी साब."

"इतनी ज़ोर से?"

कळंब्यांच्या डोक्यात त्या क्षणी पेपरवेट आलं, त्याखालचा अर्ज आला, मार्चमध्ये साहेबच लिहिणार असलेला गोपनीय अहवाल आला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी विचार न करता उत्तर दिलं.

"साब, इधर की रीत है. साल में एक दिन जिसको हम मानते हैं, उसका नाम लेते हैं. पलस की डाली लेके. उनका साल अच्छा जाता है."

"और ये मारबत?"

"देवी है साब."

"किसकी देवी?"

"पदोन्नति की," कळंबे म्हणाले, आणि आपल्या तोंडून काय गेलं ते ऐकून स्वतःच दचकले.

त्रिपाठी साहेबांना नऊ वर्षांत पदोन्नती मिळाली नव्हती. ते जवळ आले. त्यांनी फांदीकडे पाहिलं, मग कळंब्यांकडे. "हमें यहाँ आठ महीने हो गए. हमको किसी ने बताया ही नहीं," ते हळू आवाजात म्हणाले. मग त्यांच्यातला अधिकारी जागा झाला. "कितनी बार लेना होता है?"

"तीन बार, साब."

"आपने तो एक ही बार लिया."

उरलेल्या दोन वेळा कळंब्यांनी साहेबांच्या समोर उभं राहून नाव घेतलं. साहेबांनी हात जोडले होते आणि डोळे मिटले होते. लीलाबाईने दारातून सगळं ऐकलं होतं. साहेबांची जीप आठ महिने तिच्या अंगणात चिखल उडवत होती. ती पदर खोचून पुढे आली.

"साहेब, मी बी घेतो का तुमचं नाव?"

"लीजिए, लीजिए."

लीलाबाईने तीनच्या जागी पाच वेळा घेतलं. पाचव्या वेळी तिचा आवाज फाटला. साहेब म्हणाले, "देखिए, पड़ोसन को भी कितना लगाव है." मग त्यांना आपल्या म्हाताऱ्या आईची आठवण झाली. ती आत झोपलेली होती, दमेकरी होती. तिचंही नाव घ्यावं अशी त्यांनी विनंती केली. लीलाबाईने जीभ चावली. कळंब्यांनी घाईघाईने सांगितलं की सत्तरीच्या वरच्या माणसाचं नाव या रीतीत बसत नाही, त्यांची पदोन्नती होऊन गेलेली असते. साहेबांना हे नियमाला धरून वाटलं.

"और स्टाफ़? बाकी स्टाफ़ हमारा नाम लेता है?"

"अपने-अपने घर में लेते हैं साब."

"घर में क्यों? बुलाइए सबको."

पांढुर्ण्यात राहणारा सगळा स्टाफ म्हणजे दोन माणसं. जीपचा ड्रायव्हर गुणवंता आणि निवृत्तीला चौदा महिने उरलेले आवक-जावकचे पुंडलिकराव. दोघं सव्वासहाला आपापल्या फांद्या घेऊन हजर झाले. कळंब्यांनी त्यांना कोपऱ्यात नेऊन आदेश सांगितला.

पुंडलिकरावांनी फांदी काखेत मारली. मग त्यांनी विचारलं, "साहेबानं सोताच्या तोंडानं सांगतलं?"

"हाव."

"आपलं नाव घ्या म्हणून? मारबतीत?"

"हाव म्हणतो ना."

"लेखी मिळन का?"

"पुंडलिकराव, मजाक नोका करू. माहा जीव जाऊन राहिला."

"तुमचा जाऊन राहिला, माहा आता येऊन राहिला," पुंडलिकराव म्हणाले आणि पुढे झाले. एकतीस वर्षांत त्यांनी अकरा साहेब पाहिले होते. त्यांनी त्या अकरांचा हिशेब एकट्या त्रिपाठी साहेबांच्या नावावर चुकता केला. गुणवंता तर फांदी जमिनीवर आपटत नाचला. गल्लीतले लोक दारात येऊन उभे राहिले. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. लुंगीच्या टोकाने ते पुसत त्यांनी कळंब्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"कलंबे बाबू, आपकी वो अर्जी है न, बदली की?"

कळंब्यांनी मान वर केली. "जी साब."

"कल सुबह उसे हम अपने हाथ से फाड़ेंगे. ऐसे आदमी को कोई जाने देता है? जब तक हम सौंसर में हैं, आप हमारे साथ हैं."

साहेब कपडे बदलायला गेले. मंगला खिडकीत उभी राहून ऐकत होती. ती बाहेर आली.

"खरं सांगून टाका त्याईले."

"खरं सांगतलं तं अहवाल खराब करन."

"आन खोटं सांगतलं तं?"

"अर्ज फाडून राहिला."

"मंग काय करता?"

"काई समजून नाई राहिलं," कळंबे म्हणाले. आठ महिन्यांत पहिल्यांदाच साहेब त्यांच्यावर खूश होते आणि त्यापेक्षा वाईट त्यांच्यावर काही ओढवलं नव्हतं.

सात वाजता साहेब सफारी सूट घालून परत आले. त्यांना आणखी एक कल्पना सुचली होती. छिंदवाड्याला तीन आठवड्यांपूर्वी नवे बडे साहेब आले होते, डी. एम. चौधरी. रायपूरहून आलेले. त्रिपाठी साहेबांनी त्यांची फक्त सही पाहिली होती. ते भोपाळची बैठक आटोपून आठ चाळीसच्या गाडीने पांढुर्ण्याला उतरणार होते आणि दुपारी नदीवरची दगडफेकीची जत्रा, गोटमार, पाहून संध्याकाळी छिंदवाड्याला जाणार होते. सगळ्या बदल्या आणि बढत्या त्यांच्याच हातात होत्या.

"स्टेशन पर उनका नाम लेंगे," त्रिपाठी साहेब म्हणाले. "सब मिलके. डालियाँ लेके."

कळंब्यांनी फांदी पाठीमागे घेतली. "साब, टेसन पे ऐसा रिवाज नहीं है. गाँव के बाहर जाके करते हैं."

"स्टेशन गाँव के बाहर ही तो है."

हे खरं होतं. कळंब्यांनी सांगितलं की मोठ्या साहेबाचं नाव घ्यायला फांदी मोठी लागते. साहेबांनी गुणवंताला जीप घेऊन पाठवलं आणि गुणवंताने एक अख्खा पळस आणला. कळंब्यांनी सांगितलं की आपला आवाज बसला. साहेबांनी घरून ज्येष्ठमधाची काडी आणून दिली. कळंब्यांनी सांगितलं की बडे साहेब चिडतील. त्रिपाठी साहेब हसले.

"चौधरी हैं. उधर उत्तर के होंगे, मेरठ-मुरादाबाद के. उनको समझाना हमारा काम."

आठ चाळीसची गाडी नऊ वाजून पाच मिनिटांनी आली. फलाटावर त्रिपाठी साहेब झेंडूची माळ घेऊन उभे होते. त्यांच्यामागे हातात फांद्या घेऊन कळंबे, पुंडलिकराव आणि गुणवंता, आणि कोणी न बोलावता लीलाबाई. हे चुकवण्यासारखं नाही, असं तिने घरी सांगितलं होतं. पहिल्या वर्गाच्या डब्याच्या दारात पन्नाशीचे एक सावळे, बुटके गृहस्थ दिसले. एका हातात सुटकेस, एका हातात पाण्याची छागल. त्रिपाठी साहेबांनी खूण केली.

"चौधरी साहेब घेऊन जा गे मारबत," तिघं ओरडले. कळंब्यांचे फक्त ओठ हलले.

चौधरी साहेबांचा एक पाय पायरीवर होता आणि दुसरा हवेत. तो हवेतच राहिला. तीन वेळा नाव घेऊन होईपर्यंत ते तसेच उभे होते. मग खाली उतरले. त्रिपाठी साहेबांनी माळ घातली.

"ये किसकी कल्पना है?" चौधरी साहेबांनी विचारलं.

"सर, पूरी योजना हमारी है," त्रिपाठी साहेब म्हणाले. "बाबू लोग तो मना कर रहे थे. सर, यहाँ की परंपरा है. पदोन्नति की देवी."

"अच्छा. देवी के बारे में आपको किसने बताया?"

"हमारे बड़े बाबू ने. कलंबे, आगे आइए."

चौधरी साहेबांनी कळंब्यांना नीट पाहिलं. मग सुटकेस गुणवंताकडे दिली, त्रिपाठी साहेबांना "दो मिनट" म्हटलं आणि कळंब्यांना चहाच्या टपरीमागे घेऊन गेले. टपरीच्या आडोशाला आल्यावर त्यांनी माळ काढली आणि विचारलं, "कोण्या गावचे तुमी?"

कळंब्यांना वाटलं आपल्याला भास झाला. "इथलाच, सर. पांढुर्ण्याचा."

"मी लोधीखेड्याचा. देवीदास महादेव चौधरी. माह्या लहानपणी आमी मास्तराचं नाव घेतलं होतं मारबतीत. लय मार पडला. सांगा आता खरं काय ते."

कळंब्यांनी खरं सांगितलं. नळाच्या पाण्यापासून सुरुवात केली, कारण त्यांना कुठून सुरू करावं ते कळेना. बस, टरफलं, जीप, पेनचं टोपण, पाच पंचवीसचं मिनिट, चार अर्ज, आणि उद्या फाटणारा तो एक. चौधरी साहेब हसले नाहीत.

"काल भोपाळले मले अडीच तास उभं ठेवलं," ते म्हणाले. "खुर्ची होती समोर. बस म्हटलं नाई. मंग म्हणते, चौधरी, तुमच्या चेहऱ्यावर उत्साह नाई दिसत." त्यांनी हात पुढे केला. "आणा तं ती फांदी."

"सर?"

"आणा म्हणतो ना."

फांदी घेऊन चौधरी साहेब फलाटाच्या मधोमध आले. गाडी अजून उभी होती. त्यांनी फांदी उचलली आणि लोधीखेड्याचा अस्सल आवाज काढला. "अडीच तास उभं ठेवणारा भोपाळचा साहेब घेऊन जा गे मारबत."

त्रिपाठी साहेबांनी टाळ्या वाजवल्या. "देखिए, सर भी अपने ऊपरवाले का नाम ले रहे हैं. इसको कहते हैं संस्कार."

टपरीवाल्याने किटली खाली ठेवली. "उष्ट्या कपात बिडी इझवणारे घेऊन जा गे मारबत," तो म्हणाला. एका हमालाने डोक्यावरची पेटी उतरवली आणि तिच्यात दगड भरून आणणाऱ्यांना देऊन टाकलं. लीलाबाईने नणंद दिली. पुंडलिकरावांनी आणखी तीन जुने साहेब काढले, ज्यांची नावं सकाळी राहून गेली होती. गाडीच्या खिडक्यांतून माणसं पाहू लागली. एका प्रवाशाने विचारलं, काय चाललं आहे. गुणवंताने सांगितलं. प्रवाशाने लगेच आपल्या घरमालकाचं नाव दिलं. शिट्टी झाली, गाडी हलली, आणि हलत्या गाडीतून नावं येत राहिली. कोणाची सासू, कोणाचा तलाठी, कोणाचा भागीदार. शेवटच्या डब्यातून एक बाई ओरडून गेली, "घोरणारा नवरा," पण तो शेजारीच बसला होता असं दिसलं, कारण लगेच खिडकी बंद झाली.

फलाटावर एकटे कळंबे फांदीशिवाय उभे होते. त्रिपाठी साहेब ते पाहत होते. सगळ्यांनी सगळ्यांची नावं घेतली, पण ज्याने ही रीत शिकवली त्या कळंब्यांचं नाव कोणी घेतलं नव्हतं. साहेबांचं मन वाईट नव्हतं. त्यांनी गुणवंताच्या हातातला पळस ओढून घेतला आणि शुद्ध सतना उच्चारात तीनदा म्हटलं, "कलंबे बाबू घेऊन जा गे मारबत."

पुंडलिकराव सुन्न झाले. लीलाबाईने कानावर हात ठेवले. भल्या माणसाचं नाव मारबतीत आजवर कोणी घेतलं नव्हतं. चौधरी साहेबांनी मात्र आपली फांदी शांतपणे बाजूला ठेवली.

"त्रिपाठी जी, आपने इनका नाम तीन बार लिया?"

"जी सर. दिल से."

"इसका नियम मालूम है?"

"नियम?" त्रिपाठी साहेब सावध झाले. नियम या शब्दाचा त्यांना आदर होता.

"जिसका नाम लिया, उसको रोक के नहीं रखना. उसकी कोई चीज़ अपने पास दबी हो, तो दिन डूबने से पहले छोड़ना. नहीं तो देवी नाम लेनेवाले पर उलटती है. नौ-नौ साल पदोन्नति नहीं होती."

चौधरी साहेबांना नऊचा आकडा कळंब्यांनी टपरीमागे सांगितला होता. त्रिपाठी साहेबांना ते माहीत नव्हतं. त्यांनी खिसे चाचपले.

"अर्जी तो सौंसर में है सर. पेपरवेट के नीचे."

"कागज़ है किसी के पास?"

कागद टपरीवाल्याने दिला. कळंब्यांनी अर्ज एका पेटीवर ठेवून दीड मिनिटात लिहिला. चार वेळा लिहिल्यामुळे तो त्यांना पाठ होता. त्रिपाठी साहेबांनी त्याखाली 'सहर्ष अनुशंसित' असं लिहून सही केली. पेन कळंब्यांचंच होतं. टोपण त्यांनी या वेळी चावलं नाही. चौधरी साहेबांनी कागद चौपदरी घडी करून खिशात ठेवला.

जीपकडे जाताना पुंडलिकराव चौधरी साहेबांच्या बाजूने चालू लागले. "सर, लहान तोंडी मोठा घास," ते म्हणाले. "आमच्या साहेबाचं नाव बी आज तीन-तीनदा घेतलं आमी. सौंसरच्या स्टाफचं म्हणणं आहे, त्याईले बी रोकून नोका ठेवू."

"बरोबर आहे," चौधरी साहेब म्हणाले. "रीत ते रीत."

कचेरीला सुट्टी असूनही त्या दुपारी कळंबे गोटमारीला गेले नाहीत. ते दारात खुर्ची टाकून बसले आणि मंगलाला तोंड उजेडात दाखवलं. पुढचे सोळा दिवस त्यांनी पाच चाळीसची बस रोज चुकवली, पण साडेसातच्या बसमध्ये बोनेटवर बसूनही ते गुणगुणत असत. टरफलवाल्या मास्तरांनाही त्यांनी स्वतःहून खिसा पुढे केला.

सतराव्या दिवशी छिंदवाड्याहून लिफाफा आला. तो पुंडलिकरावांनी फोडला आणि नोंद करायच्या आत ओरडले. कळंब्यांची बदली पांढुर्ण्याला झाली होती. सोमवारी रुजू व्हायचं होतं. लिफाफ्यात दुसराही कागद होता, पण पुंडलिकरावांनी तो वाचून फक्त खिडकीतून आकाशाकडे हात जोडले आणि गुणवंताला पेढे आणायला पाठवलं. कळंब्यांनी त्याकडे लक्ष दिलं नाही. त्या दिवशी ते न विचारता पाच चाळीसच्या बसने घरी गेले.

संध्याकाळी ते घरी पोचून चहा घेत होते तेव्हा दार वाजलं. दारात त्रिपाठी साहेब उभे होते. हातात मिठाईचा डबा होता आणि चेहरा नवरदेवासारखा झाला होता.

"कलंबे बाबू, देवी सच्ची है. हमारा भी ऑर्डर आ गया."

"पदोन्नति, साब?" कळंबे मनापासून आनंदले. "कहाँ? भोपाल?"

"पदोन्नति अगले साल आएगी. अभी तो बदली है. पांढुर्णा ऑफ़िस के इंचार्ज बनाया है. स्टाफ़ ने नाम लिया था न, चौधरी साहब ने सौंसर से छुड़ा दिया." साहेबांनी डबा उघडून एक पेढा कळंब्यांच्या हातावर ठेवला. "घर से सात मिनट. अब न जीप का झंझट, न आपकी बस का. पाँच चालीस की चिंता ही ख़तम. आराम से बैठेंगे, आठ-आठ, नौ-नौ बजे तक."

"जी साब," कळंबे म्हणाले.

साहेब गेले. कळंबे पेढा हातात धरून घरात वळले. मंगला भिंतीपाशी उभी होती आणि पुढचा पोळा शोधत कॅलेंडरची पानं एकेक करून उलटत होती. डिसेंबरपर्यंत ती पोचली. त्यापुढे पानंच नव्हती.